बेचाळीस टक्के जागा

सगळे पेशंट बरे आहेत असा सिस्टरचा फोन आला आणि मी आधी घड्याळ बघितलं. आठशे बारा माणसं आपापल्या घरी छातीला काडेपेटीएवढी डबी चिकटवून हिंडत असतात. डबी त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकते आणि हॉस्पिटलच्या तळघरातल्या माझ्या सर्व्हरला कळवते, सर्व्हर ते लिहून घेतो, आणि वर दुसऱ्या मजल्यावर सिस्टरच्या स्क्रीनवर माणशी एक हिरवा चौकोन लागतो. दर पाच-दहा मिनिटांनी कुठला तरी चौकोन लाल होतो आणि बोंबलायला लागतो. बहुतेक वेळा कुणी शिंकलेलं असतं, नाहीतर कुणी नातवंडाला उचललेलं असतं. सिस्टर त्या घरी फोन करते, नातवंड खाली ठेवा म्हणते, चौकोन हिरवा होतो. आज अर्धा तास एकही चौकोन बोंबलला नव्हता. "आठशे बारा माणसांत अर्ध्या तासात कुणी शिंकलंसुद्धा नाही," सिस्टर म्हणाली. "काय रे तळघर, जग सुधारलं की तुझं यंत्र मेलं?" मला तळघर म्हणतात, कारण मी तिथे बसतो. सर्व्हर मेला नव्हता. मेला असता तर चौकोन राखाडी झाले असते. तो जिवंत होता, पण दहा बावन्नला त्याने लिहिणं थांबवलं होतं आणि दहा बावन्नचं ते निरोगी चित्र तो इमानेइतबारे दाखवत बसला होता. आता अकरा वीस झाले होते. त्या चौकोनांतला चारशे सात नंबरचा चौकोन म्हणजे माझे बाबा.

तळघरात बारा महिने स्वेटर लागतो. यंत्रांना गारवा लागतो आणि माणसांचा विचार कुणी केलेला नाही, त्यामुळे माझी बोटं नेहमीच थोडी बधीर असतात. मी सर्व्हरला विचारलं, का लिहीत नाहीस. तो म्हणाला, डिस्कवर जागा शिल्लक नाही. एवढंच वाक्य, एका ओळीखाली एक, हजारो वेळा, शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावल्यासारखं. मग मी विचारलं, डिस्क किती भरली आहे. तो म्हणाला, अठ्ठावन्न टक्के. मी पुन्हा विचारलं. अठ्ठावन्न टक्के. म्हणजे बेचाळीस टक्के जागा मोकळी आहे आणि जागा शिल्लक नाही. ही दोन वाक्यं एकाच तोंडातून एकापाठोपाठ ऐकली की पहिल्यांदा हसू येतं. मग डिस्क मरायला टेकली असेल आणि वातात बरळत असेल असं वाटून मी तिची तब्येत तपासली. एकही खराब भाग नाही, वाचनात एकही चूक नाही, तापमान उत्तम. आमच्या घरातल्या कुणाचाच रिपोर्ट आजवर इतका चांगला आलेला नाही.

डब्यांना स्वतःची थोडी स्मरणशक्ती असते. सर्व्हरने लिहून घेतलं नाही तर त्या ठोके आपल्याजवळ धरून ठेवतात, नव्वद मिनिटं. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला पहिलं मिनिट पुसलं जातं. म्हणजे बारा बावीसपर्यंत मला वेळ होता, त्यानंतर आठशे बारा माणसांचे ठोके सुरुवातीपासून गळायला लागले असते. आणि तोपर्यंत कुणाला काही झालं तरी वर चौकोन हिरवाच. सिस्टरने हे ऐकलं, आणि तिची थट्टा बंद झाली. तिने यादी घेतली आणि जे सगळ्यात नाजूक त्यांच्यापासून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. चारशे सात मी घेतो, मी म्हणालो.

बाबा फोन तिसऱ्या रिंगला उचलतात. पहिल्या दोन रिंगा 'कोण कडमडलं आता' हे म्हणण्यात जातात. मी बारा रिंगांपर्यंत थांबलो. पुन्हा लावला. पुन्हा बारा. मग बाबांच्या समोरच्या घरातल्या काकूंना लावला. काकूंनी हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग चपला, मग दार, मग बाबांच्या दारावरच्या थापा, आणि हे सगळं मी डोळे मिटून ऐकलं, कारण डोळे उघडे ठेवले तर समोर स्क्रीनवर चारशे सात हिरवा दिसत होता, बहात्तर ठोके, दहा बावन्नचे. "दार उघडत नाहीत रे," काकू म्हणाल्या. "टीव्ही चालू आहे मात्र."

"टीव्हीवर काय चाललंय?" मी विचारलं.

"अरे, मी दाराबाहेर आहे. मला काय दिसणार? कुणीतरी बोलतंय."

हे विचारायची गरज नव्हती, पण मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. आई गेली तेव्हाही टीव्ही चालू होता. दुपारची वेळ, आई आतल्या खोलीत पडली होती, जरा पडते म्हणाली होती, आणि मी आणि बाबा बाहेर जिराफांवरचा कार्यक्रम बघत होतो. त्यात एक माणूस हळू आवाजात सांगत होता की जिराफ फार थोडा वेळ झोपतो आणि पुष्कळदा उभ्यानेच. बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला आत पाठवलं, जा, आईला सांग, तिला म्हणावं बघ, जिराफसुद्धा तुझ्याएवढा झोपत नाही. मी आत गेलो आणि सांगितलं. पूर्ण वाक्य सांगितलं, अर्ध्यात थांबलो नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, चाळीस मिनिटं तरी झाली असतील. चाळीस मिनिटं आम्ही दोघं भिंतीच्या अलीकडे पाय पसरून जिराफ बघत होतो, आणि पलीकडे आई नव्हती, आणि आमच्या दृष्टीने ती होती. तेव्हापासून मला कुणी बरं आहे असं सांगितलं की मी विचारतो, किती वाजताची बातमी आहे ही?

साहेब खाली आले. साहेब सज्जन आहेत आणि त्यांच्याकडे प्रत्येक संकटावर एकच उपाय आहे, तो त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात असतो. बंद करून चालू करून बघू या का, असं ते लिफ्टला, पंख्याला आणि एकदा एका चिडलेल्या नातेवाइकालाही म्हणाले होते. आत्ता ते सर्व्हरच्या समोर उभे राहिले आणि बोट पुढे आलं. मी त्यांना शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की सर्व्हर बंद होऊन चालू झाला की डब्यांना वाटतं नवा हिशेब सुरू झाला, आणि त्या जवळचं सगळं पुसून पाटी कोरी करतात. साहेबांनी बोट खिशात घातलं. ते तिथेच उभे राहिले, खिशात बोट घेऊन, आणि मला काम करताना अर्धं लक्ष त्या खिशाकडे ठेवावं लागलं.

अकरा पन्नासला मला टोकनांची आठवण झाली. ही गोष्ट आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात आणि मग कधी लागत नाही म्हणून सगळे विसरतात. डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलीला, ती सिनेमाएवढी असो की पूर्ण रिकामी, एक क्रमांक लागतो. हे क्रमांक डिस्क तयार करतानाच ठरून येतात, दवाखान्याच्या टेबलावरच्या टोकनांसारखे. बाकं रिकामी असली तरी टोकनं संपली की नवा पेशंट आत येऊ शकत नाही. डबीकडून आलेलं प्रत्येक मिनिट आधी एका छोट्या तात्पुरत्या फाइलीत उतरतं, त्या फाइलीला टोकन हवं, आणि टोकन नव्हतं. मी मोजलं. सहा कोटी दहा लाख टोकनं, वापरलेली शंभर टक्के. मला एकदम हलकं वाटलं, पाच-सहा सेकंद, कारण दुखणं सापडलं होतं. कुणीतरी मूर्खाने डिस्कवर सहा कोटी चिल्लर फाइली टाकून ठेवल्या होत्या. तो कोण ते शोधायचं, फाइली पुसायच्या, संपलं. साहेबांना मी म्हणालोसुद्धा, कुणीतरी गाढवपणा केलाय. ते म्हणाले, शोधून काढ त्याला. मी फोल्डरमागून फोल्डर मोजत गेलो. ठोक्यांचे फोल्डर, पेशंटला रोज एक फाइल, सगळं मिळून सहा लाखांच्या आत. सिस्टमचं काय ते दोन-चार लाख. मग एक फोल्डर आला, त्याच्यात सातशे फोल्डर, दिवसाला एक, प्रत्येकात ऐंशी हजारांच्या वर फाइली, आणि प्रत्येक फाइल रिकामी. फोल्डरचं नाव होतं बाबा.

बाबा एकदा न्हाणीघरात पडले, त्यांना डबी लागली, त्या आठवड्यात मी ती ओळ लिहिली. सर्व्हरवर आपोआप चालणारी एक ओळ: चारशे सातचा ठोका आला असेल तर त्या वेळेच्या नावाने एक रिकामी फाइल कर. फाइल झाली म्हणजे दोन गोष्टी कळतात, बाबा आहेत आणि डिस्कवर लिहिता येतंय. आत काही लिहायची गरजच नाही, नाव हाच पुरावा. फाइल झाली नाही, आणि आंघोळीसाठी डबी काढल्याचा निरोपही आलेला नसेल, तर मला फोनवर खबर दे. आधी मी ती तासाला ठेवली होती. तासात चाळीस मिनिटं बसतात म्हणून मग मिनिटाला. मिनिटाला ठेवून घरी गेलो, जेवलो, झोपलो, उठलो, आणि परत येऊन सेकंदाला केली. सेकंदाच्या आत काय काय होऊ शकतं हा प्रश्न मी स्वतःला मुद्दामच विचारला नाही. पुढे कधी तो फोल्डर उघडायची गरज पडली नाही, कारण खबर येत नव्हती, आणि खबर येत नाही म्हणजे सगळं ठीक. आज खबर का आली नाही तेही कळलं. खबर पाठवण्याआधी सर्व्हर ती एका फाइलीत लिहून घेतो. त्यालाही टोकन लागतं. म्हणजे सातशे दिवस दर सेकंदाला मी विचारत होतो की आहात ना, आणि दर सेकंदाला एक टोकन खर्च होत होतं, आणि आज दहा बावन्नला माझ्या विचारण्यानेच सर्व्हरचे डोळे मिटले होते, फक्त बाबांपुरते नव्हे, तर आठशे बारा माणसांपुरते. सिस्टर वर नाजूक माणसांना फोन लावत होती. साहेब माझ्या मागे उभे होते. "सापडला का गाढव?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सापडला. मी आहे म्हणालो. साहेबांनी बोट खिशातून काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात घातलं. मला वाटतं एक क्षण त्यांच्या मनात मलाच बंद करून चालू करायचं आलं असावं.

बारा वाजून चार मिनिटं. पहिल्यांदा मी ती ओळ थांबवली. मग सगळं एकदम पुसायची कमांड दिली तर सर्व्हर म्हणाला, यादी फार लांब आहे. एकेक दिवस पुसावा लागणार होता. आत्तापुरता एक दिवस पुसला तरी पुरे होता. बाबांच्या एका दिवसाच्या टोकनांत आठशे बारा माणसांची सव्वा-दीड तासाची मिनिटं आरामात आत आली असती. मी तारखांच्या यादीकडे बघत बसलो. तेरा-चौदा मिनिटं हातात असताना माणूस असं करत नाही, पण माझी बोटं तारखेवर जाऊन परत येत होती. हा बाबांच्या वाढदिवसाचा, नको. हा आमचं भांडण झालं तो, तोही नको, भांडले म्हणजे होते. हा कालचा. कालच्याला हात लावणं मला अशक्य होतं, कारण बाबांचे शेवटचे चोवीस तास तेच असतील तर? दार उघडत नव्हतं. काकूंनी पुन्हा फोन केला नव्हता. माणूस मेल्यावर त्याचे कपडे कुणाला द्यायचे हे ठरवताना घरात जसे सगळे एकेक शर्ट उचलून परत ठेवतात तसं माझं चाललं होतं, आणि मी एकटाच होतो, आणि शर्ट सातशे होते. शेवटी ज्याची मला काहीच आठवण नाही असा एक बुधवार निवडला, मागच्या वर्षीचा. एन्टर दाबलं. टोकनं सुटायला लागली, आणि त्याबरोबर तो बुधवार मला आठवला. त्या दिवशी बाबांनी मला फोनवरून त्यांच्या अंगठ्याचा फोटो पाठवला होता. मी घाबरून विचारलं होतं, काय झालं? त्यांनी लिहिलं होतं, काही नाही, अंगठा आहे.

"चालू झालं," सिस्टर फोनवर म्हणाली. "पण जुनं येतंय." डब्या रांगेने देतात, आधी सगळ्यात जुनं मिनिट, मग पुढचं. दोन सेकंदांना एक मिनिट असं ते यायला लागलं. चौकोन थरथरू लागले, दोन लाल झाले, सिस्टर त्या घरी फोन लावायला धावली. मी चारशे सात मोठा करून बघत बसलो. दहा त्रेपन्न, बहात्तर ठोके. दहा चोपन्न, बहात्तर. बाबा होते, तासापूर्वी होते, आणि प्रत्येक दोन सेकंदांनी ते आजच्या दिवशी एक मिनिट पुढे सरकत माझ्याकडे येत होते. अंधारात जिना उतरणाऱ्या माणसाचा नुसता आवाज ऐकावा तसं. अकरा एक, शहात्तर. अकरा तीन, चौऱ्याऐंशी. अकरा चार, सरळ रेघ.

मी वाट पाहिली. अकरा पाच, रेघ. अकरा सहा, रेघ. आंघोळीला डबी काढतात तेव्हा पेशंट बटण दाबतो आणि 'काढली' असा निरोप येतो, चौकोन निळा होतो. निळा झाला नव्हता. पण डबी फक्त ठोके धरून ठेवते, निरोप धरत नाही. त्या वेळी निरोप आला असेल तर टोकनाशिवाय दारातूनच परत गेला असेल. किंवा आलाच नसेल. हे दोन्ही अगदी सारखंच दिसतं. बाबा लिफ्टदुरुस्तीवाले होते, चाळीस वर्षं. लोकांना लिफ्टमध्ये पडण्याची भीती वाटते, ते म्हणायचे, पण लिफ्ट पडत नाही रे, अडकते. माणूस नको त्याला भितो आणि ज्याला भ्यायचं त्यात तासभर बसून राहतो. अकरा एकोणीस, रेघ. अकरा वीस, सिस्टरने फोन केला तो क्षण, रेघ. अकरा एकतीस, काकू दार वाजवत असतील, रेघ. मला जाणवलं की मी श्वास दोन सेकंदांना एक असा घेतोय. अकरा चव्वेचाळीस. चाळीस मिनिटं झाली. मी स्क्रीनकडे बघत राहिलो, भिंतीच्या अलीकडे, पाय मात्र पसरले नव्हते. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यातलं एक बोट जरा जास्त जड होतं. बारा. बारा दोन. बारा चार. बारा सहा, एकशे अठरा.

रेघ उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. एकशे बारा. एकशे चार. आणि टेबलावरचा माझा फोन वाजला, आणि मी पहिल्या रिंगलाच उचलला.

"कोण कडमडलंय?" बाबा म्हणाले. "दोन मिस कॉल. आणि समोरची बाई काठी घेऊन उभी आहे दारात, म्हणते फोडणारच होते."

मी विचारलं, कुठे होतात. ते म्हणाले, इथेच. मी विचारलं, इथेच म्हणजे कुठे. त्यांचा श्वास ऐकू आला, धापेचा, आणि मागे टीव्ही. मग म्हणाले की गच्चीवर. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची मशिनरूम गच्चीवर आहे, आणि ती लिफ्ट ज्यांच्याकडे देखभालीला आहे ते लोक बघत नाहीत, नुसती सही करून जातात, आणि ह्या काकू दिवसातून चार वेळा तिच्यातून जातात. म्हणून ते रोज एकदा वर जाऊन दोर बघून येतात. जिन्याने, कारण ज्या लिफ्टच्या दोराची शंका आहे तिच्यात बसून तिचा दोर बघायला जाणं बरोबर नाही. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलेली आहे. मी म्हणालो, बाबा, डबी.

"ती काढून ठेवतो ना," ते म्हणाले. "बटण दाबतो, आंघोळ म्हणून. जिन्यावर ठोके वाढतात. तुला दिसेल आणि तू घाबरशील."

माझ्यासमोर सहाशे नव्व्याण्णव फोल्डर होते. बोलता बोलता मी परवाचा उघडला, पहिल्यांदाच. अकरा चारनंतरची पुढची फाइल होती बारा दोनची. त्याच्या आधीच्या दिवशीही तसंच, आणि त्याच्या आधीच्या. चार महिने बाबा रोज तासभर आंघोळ करत होते. छातीला काहीही न चिकटवता, कुणालाही न सांगता, सात मजले चढत होते, आणि मी दर सेकंदाला त्यांची हजेरी घेऊन ती कधी वाचली नव्हती.

"तू मला किती वेळा बघतोस रे तिथून?" त्यांनी विचारलं.

"अधूनमधून," मी म्हणालो.

"मीपण," बाबा म्हणाले. "दोर आपला अधूनमधूनच."

मग ते म्हणाले की दोराच्या नऊ तारा तुटल्या आहेत, मागच्या आठवड्यात सात होत्या, आणि फोन ठेवला. साहेब वर गेले, घटनेचा अहवाल संध्याकाळपर्यंत हवा म्हणाले, त्यात गाढव हा शब्द नको म्हणाले. मी एकेक दिवस पुसत गेलो. बारा बावीस झाले, बारा तेवीस झाले. ती ओळ मी पुसली नाही, तिच्यापुढे फक्त एक खूण टाकून ठेवली, म्हणजे ती आहे पण चालत नाही. एक सेकंद गेला. आणखी एक गेला. हाताची बोटं अजून गार होती. तेवढ्यात वरून, दोन मजले आणि बंद दार ओलांडून, एक चौकोन बोंबलल्याचा आवाज आला. सिस्टरची खुर्ची सरकली. कुणाला तरी बरं वाटत नव्हतं, आत्ता, ह्या मिनिटाला, आणि मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढून तो आवाज शेवटपर्यंत ऐकत बसलो.